पोलिश सेनेचा अद्भुत पट : युद्धखेळातील पर्यायी इतिहास व त्याच्या मर्यादा

१. विषयप्रवेश

पटावर शिशाचे अथवा प्लास्टिकचे लहान सैनिक मांडून, फासे व नियमकोष्टके यांच्या साहाय्याने लढाई खेळणे हा छंद गेल्या शतकभरात युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. या छंदाच्या एका शाखेत ऐतिहासिक लढाई जशीच्या तशी मांडली जात नाही. इतिहासाचा प्रवाह एखाद्या ठिकाणी वळविला जातो, त्यात लोककथेतील अद्भुत शक्तींना प्रवेश दिला जातो, आणि अशा कल्पित जगात एखाद्या राष्ट्राची सेना कशी असती याची रचना केली जाते. पोलंड हा देश या शाखेतील रचनाकारांचा विशेष आवडता आहे. पंख लावून दौडणारे हुसार घोडेस्वार, पर्वताखाली निद्रिस्त असलेले वीर, सैतानाशी करार करणारा मांत्रिक आणि तीन साम्राज्यांनी गिळूनही पुन्हा उभे राहिलेले राष्ट्र, एवढी सामग्री एका ठिकाणी क्वचितच सापडते.

इतिहासाच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, सैन्याची यादी करणे म्हणजे निवड करणे होय. कोणाला पटावर स्थान द्यावयाचे, कोणाला किती बळ द्यावयाचे आणि विजयाचे श्रेय कोणत्या घटकाकडे जाऊ द्यावयाचे, हे रचनाकारास ठरवावेच लागते. इतिहासकारही शब्दांच्या द्वारे हेच करीत असतो. खेळातील निवड उघड आणि अंकांत मांडलेली असल्यामुळे तिची तपासणी अधिक सोपी असते, एवढाच काय तो भेद. अलौकिक घटक असलेली पोलिश सेना रचताना इतिहासाचा कोणता भाग वाकविता येतो, कोणता वाकविल्यास असत्याला बळ मिळते आणि कोणत्या भागाला हात लावू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. युद्धखेळाची परंपरा

चतुरंगाच्या नावातच सेनेची चार अंगे आहेत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्या खेळाचा वंशज असलेल्या युरोपीय बुद्धिबळाचा विस्तार करून इ. स. १७८० मध्ये योहान हेल्विग याने जर्मनीत भूप्रदेश व निरनिराळी दळे दाखविणारा युद्धखेळ सिद्ध केला. पुढे प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी या कल्पनेला निराळे वळण दिले. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रीगश्पील'च्या नियमांत चौकोनी घरे नाहीशी झाली व त्यांच्या जागी प्रत्यक्ष नकाशा आला. गोळीबाराचा परिणाम फाशांवरून ठरू लागला आणि दोन्ही पक्षांच्या आज्ञा तपासून निर्णय देणारा पंच नेमला गेला. प्रशियाच्या सेनापतिमंडळाने या खेळाचा अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उपयोग केला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' या पुस्तिकेत खेळण्यातील सैनिकांचे नियम देऊन हा खेळ घराघरांत नेला.

या परंपरेतील एक तत्त्व प्रस्तुत विवेचनास आवश्यक आहे. राइसविट्झच्या खेळात प्रत्येक शक्तीला मोजमाप आहे आणि प्रत्येक शक्तीला मर्यादा आहे. तोफ किती अंतरावर किती मारा करील, घोडदळ किती वेळात किती भूमी आक्रमील, हे ठरलेले असते. अद्भुत घटक पटावर आणावयाचा झाल्यास त्यालाही हाच दंडक लागू करावा लागतो. नाहीतर खेळ संपतो आणि केवळ स्वप्नरंजन उरते.

पर्यायी इतिहासाची परंपराही जुनीच आहे. फ्रान्समध्ये लुई जफ्रुआ याने १८३६ मध्ये जगज्जेत्या नेपोलियनची कल्पित कथा लिहिली, आणि शार्ल रनुव्हिए याने १८७६ मध्ये अशा लेखनासाठी 'युक्रोनी' ही संज्ञा रूढ केली. ई. एच. कार याने १९६१ मध्ये अशा प्रश्नांना दिवाणखान्यातील करमणुकीचे स्थान दिले. नायल फर्ग्युसन याने १९९७ मध्ये संपादिलेल्या ग्रंथात मात्र त्यांची बाजू घेतली. त्याची अट एवढीच की, जे पर्याय त्या काळच्या माणसांसमोर खरोखर होते आणि ज्यांचा त्यांनी विचार केल्याचा पुरावा आहे, तेवढेच पर्याय अभ्यासार्ह मानावेत. ही अट कादंबरीला जाचक वाटेल. सेनारचनेला मात्र ती उपकारकच ठरते, हे पुढे दिसून येईल.

३. कालबिंदूची निवड

सेनारचनेचा पहिला प्रश्न कालाचा. इतिहास कोठे वळवावयाचा? पोलंडच्या बाबतीत चार कालबिंदू सहज सुचतात.

पहिला काल सतराव्या शतकातील वैभवाचा. १५६९ च्या लुब्लिन येथील ऐक्यानंतर पोलंड व लिथुएनिया यांचे संयुक्त राज्य युरोपातील अत्यंत विस्तृत राज्यांपैकी एक झाले. १६०५ मध्ये किर्खोल्म येथे खोद्किएविच याने सुमारे साडेतीन हजार सैन्यानिशी त्याच्या तिप्पट स्वीडिश सैन्याचा मोड केला. १६१० मध्ये क्लुशिनो येथे झोव्क्येव्स्की याने तसाच पराक्रम केला, आणि १२ सप्टेंबर १६८३ रोजी यान सोबिएस्की याच्या नेतृत्वाखाली व्हिएन्नाचा वेढा उठला. हा काल नेत्रदीपक आहे खरा. परंतु त्यात इतिहासाला वळण देण्याचे प्रयोजन दिसत नाही. विजयी सेनेला दैवी साहाय्याची गरज कोणती?

दुसरा कालबिंदू १७९४ चा. १७७२ व १७९३ च्या फाळण्यांनंतर कोश्च्युश्को याने उठाव केला, आणि ४ एप्रिल १७९४ रोजी रात्सवावित्से येथे, विळ्याचे लांब पाते दांड्याला सरळ ताठ बसवून लढणाऱ्या शेतकऱ्यांनी रशियन तोफा काबीज केल्या. या 'कोसिन्येरी' शेतकऱ्यांचे चित्र पोलिश स्मृतीत हुसारांइतकेच खोल रुतले आहे. उठाव फसला, १७९५ च्या तिसऱ्या फाळणीने पोलंड नकाशावरून नाहीसा झाला व तो ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत तेथे परतला नाही.

तिसरा कालबिंदू १९२० चा आणि चौथा १९३९ चा. चौथ्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल. सर्व बाजूंनी पाहता १९२० हे वर्ष सेनारचनेस सर्वांत अनुकूल आहे, असे आमचे मत आहे. पोलिश चित्रकार याकूब रुझाल्स्की यानेही आपल्या '१९२०+' या चित्रमालिकेसाठी हाच काल निवडला. या चित्रांत शेतकरी कापणी करीत असतात आणि त्यांच्या मागे धुक्यातून लोखंडी चालती यंत्रे जात असतात. या चित्रांवर आधारलेला 'साइद' हा पटावरील खेळ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला व जगभर खेळला गेला. खेळाच्या नावाचा अर्थ गवत कापण्याचा मोठा विळा असा आहे. रात्सवावित्सेची आठवण असलेल्या वाचकास त्यातील ध्वनी निराळा सांगण्याची गरज नाही.

४. १९२० ची खरी सेना

अद्भुताकडे वळण्यापूर्वी वास्तव पाहिले पाहिजे, कारण १९२० ची पोलिश सेना ही स्वतःच एक आश्चर्य होती. तिचे सैनिक तीन निरनिराळ्या साम्राज्यांच्या सैन्यांत शिकलेले होते. कोणी रशियन झारच्या, कोणी ऑस्ट्रियाच्या, तर कोणी जर्मन कैसरच्या झेंड्याखाली लढला होता, आणि महायुद्धात त्यांपैकी अनेकांनी परस्परांवर गोळ्याही झाडल्या होत्या. त्यांच्या हातातील बंदुका निरनिराळ्या देशांच्या होत्या. त्यांच्या काडतुसांची मापे जुळत नव्हती. जनरल हालर याची निळ्या गणवेषाची सेना १९१९ मध्ये फ्रान्सहून आली, तेव्हा तिच्याबरोबर १२० रेनो रणगाडे आले. चिलखती आगगाड्या रेल्वेच्या कारखान्यांत हाती असलेल्या सामग्रीतून घडविल्या गेल्या. ल्वूफ शहरात १९१८ मध्ये स्त्रियांचे स्वयंसेवक दल उभे राहिले. अमेरिकन वैमानिकांनी कोश्च्युश्कोच्या नावाने विमानपथक चालविले. त्यांतील एक, मेरियन कूपर, १९२० मध्ये शत्रूच्या हाती सापडून पुढे निसटला आणि १९३३ मध्ये 'किंग काँग' या चित्रपटाचा सहदिग्दर्शक झाला. अद्भुताची निर्मिती करणारा हा पुरुष प्रथम या वास्तव युद्धातून गेला होता, हा योगायोग चिंतनीय आहे.

या सेनेची भाषिक व धार्मिक रचनाही एकजिनसी नव्हती. नव्या पोलंडच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक पोलिशेतर होते. तातार मुसलमानांची उहलान घोडेस्वारांची रेजिमेंट पोलिश बाजूने लढत होती. पेत्ल्यूरा याच्या युक्रेनियन सैन्याशी एप्रिल १९२० मध्ये करार झाला होता, आणि ऑगस्टच्या अखेरीस झामोश्च शहराच्या बचावात मार्को बेझ्रुच्को याची युक्रेनियन डिव्हिजन आघाडीवर होती. १८ मार्च १९२१ च्या रीगा तहाने या मित्रांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सोडून दिला व त्यांचे सैनिक पोलंडमध्येच स्थानबद्ध झाले.

तेव्हा रचनाकारास आमची पहिली सूचना अशी : या सेनेचे मुख्य लक्षण म्हणून विसंगती दाखवावी. खेळाच्या नियमांत निरनिराळ्या दळांना परस्परांचा दारूगोळा वापरता येऊ नये. एका साम्राज्याच्या पद्धतीने शिकलेल्या तुकडीस दुसऱ्या पद्धतीच्या अधिकाऱ्याची आज्ञा विलंबाने पोहोचावी. ही उणीव भरून काढणे, हेच खेळाडूचे पहिले कर्तव्य ठरावे. १९२० मध्ये पोलिश सेनापतींपुढेही हेच काम होते.

५. लोककथेतील शक्ती आणि त्यांच्या अटी

आता अद्भुताकडे वळू. पोलिश लोककथेचे बारकाईने निरीक्षण केल्यास असे दिसते की, तीत निरंकुश शक्ती जवळजवळ नाहीच. प्रत्येक शक्तीला एक अट जोडलेली आहे, आणि कथेचे सारे स्वारस्य त्या अटीत आहे. खेळाच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. कारण अट हाच नियम असतो. काही उदाहरणे पाहू.

(अ) निद्रिस्त वीर. तात्रा पर्वतातील ग्येवोन्त शिखर झाकोपाने गावातून पाहिले असता आडव्या झोपलेल्या योद्ध्यासारखे दिसते. त्याच्या पोटात वीर निद्रिस्त असून राष्ट्रावर अंतिम संकट येईल तेव्हा ते जागे होतील, अशी समजूत आहे. पंखधारी हुसारांना १९२० च्या पटावर आणण्याचा उचित मार्ग हाच होय. परंतु अट विसरता कामा नये : हे वीर शेवटच्याच क्षणी उठतात. नियम असा करता येईल की, सेनेची अर्ध्याहून अधिक हानी झाल्याशिवाय त्यांना बोलाविता येऊ नये, आणि एकदा बोलाविल्यावर त्या संपूर्ण मोहिमेत ते पुन्हा मिळू नयेत. त्यांना लवकर जागे करण्याचा मोह व त्यांना राखून ठेवण्याचे शहाणपण, या द्वंद्वात खेळाडूची परीक्षा होते.

(आ) करारबद्ध मांत्रिक. सोळाव्या शतकातील क्राकूफचा पान त्वार्दोव्स्की याने सैतानाला आत्मा विकला. मात्र आपला आत्मा रोममध्येच हरण करता येईल, असे कलम त्याने करारात घातले आणि रोमला न जाण्याचा निश्चय केला. शेवटी तो एका खाणावळीत उतरला आणि त्या खाणावळीचेच नाव 'रोम' निघाले. राजा झिगमुन्त ऑगस्ट यास त्याने दिवंगत राणी बार्बारा हिची छाया दाखविली, असेही सांगतात. पटावर अशा मांत्रिकाला मोठे सामर्थ्य द्यावे. परंतु खेळाच्या प्रारंभी प्रतिपक्षाने पटावरील एक इमारत गुप्तपणे निवडून तिचे नाव 'रोम' असे कागदावर लिहून ठेवावे. मांत्रिक त्या इमारतीत शिरताच खेळातून बाद. कथेचा सारा उपरोध एका नियमात उतरतो.

(इ) शेतीशी निगडित शक्ती. 'पोवुद्नित्सा' ही भर दुपारी शेतात काम करणाऱ्यांना गाठणारी स्त्रीरूप शक्ती. तिचे बळ केवळ मध्यान्हीचे. 'प्वानेत्निक' हा ढग हाकणारा. त्याच्या हाती पाऊस व गारा असतात, आणि १९२० च्या कच्च्या रस्त्यांवर पाऊस म्हणजे तोफखान्याची कोंडी. मृत्यूनंतर परत येणारा 'उपियूर' व दोन आत्मे असलेली 'स्त्शिगा' यांचा उगम भयाच्या कथांत आहे. त्यांना राष्ट्राचे सेवक बनविणे कथेच्या प्रकृतीस सोडून होईल. ते पटावर यावयाचे तर दोन्ही पक्षांना सारखेच धोकादायक म्हणून यावेत. आंद्झेय साप्कोव्स्की याने १९८६ पासून लिहिलेल्या विच्छेदक-वीराच्या कथांमुळे ही भुतावळ आज जगभर परिचित झाली आहे. त्यामुळे रचनाकाराने मूळ लोकसमजुतींकडे वळून पाहणे अधिकच आवश्यक झाले आहे.

(ई) हेल्मचा गोलेम. मातीच्या पुतळ्यात पवित्र नामाने प्राण फुंकण्याची यहुदी कथा प्रागशी जोडली जाते. तथापि पोलंडमधील हेल्म येथील रब्बी एलिजा (मृत्यू १५८३) याच्याशी निगडित असलेली कथा अधिक जुनी मानली जाते. हा पुतळा दिवसेंदिवस वाढत जातो, आणि वेळीच नाम पुसले नाही तर निर्मात्यालाच घातक ठरतो. पटावर त्याचे बळ प्रत्येक फेरीस वाढावे व पाचव्या-सहाव्या फेरीनंतर तो कोणाचीही आज्ञा मानीनासा व्हावा.

या शेवटच्या उदाहरणाशी एक कटु सत्य निगडित आहे. गोलेम पोलिश सेनेत घेताना रचनाकारास वाटेल की, आपण यहुद्यांना न्याय दिला. परंतु १९२० च्या ऑगस्टमध्ये, वॉर्सावर संकट आले असता, सेनेतील यहुदी स्वयंसेवक व अधिकारी यांना युद्धमंत्री सोस्न्कोव्स्की याच्या आज्ञेने वेगळे काढून याब्वोन्ना येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले होते. जे देशासाठी लढावयास आले, त्यांच्यावरच अविश्वास दाखविला गेला. निषेधानंतर सप्टेंबरमध्ये ती छावणी मोडण्यात आली. मातीचा यहुदी राक्षस सेनेत आणि हाडामांसाचा यहुदी सैनिक तारेच्या कुंपणात, असे चित्र नकळत उभे राहिले तर ती रचना वास्तवावर पांघरूण घालणारी होईल. यासाठी पर्यायी इतिहासाचा वळणबिंदू येथेच ठेवता येईल : याब्वोन्नाची आज्ञा निघालीच नाही, असे मानावे. फर्ग्युसनची अट येथे पाळली जाते, कारण ती आज्ञा न काढण्याचा मार्ग त्या मंत्र्यापुढे प्रत्यक्ष खुला होता. ज्या सेनेने आपल्या सर्व नागरिकांवर विश्वास टाकला, त्याच सेनेला गोलेम मिळावा.

६. 'चमत्कार' या शब्दाचा धोका

वॉर्साच्या लढाईला पोलंडमध्ये 'व्हिस्तुलेवरचा चमत्कार' म्हणतात. १५ ऑगस्ट हा मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असल्यामुळे या नावाला धार्मिक अर्थ सहज चिकटला. परंतु या नावाला राजकीय धारही होती. यश दैवी मानले की सेनापतीचे श्रेय कमी होते, आणि पिल्सुद्स्की याच्या विरोधकांना ते हवेच होते.

वास्तविक काय घडले? शत्रूच्या दोन आघाड्यांमध्ये पोकळी राहिली होती. पिल्सुद्स्की याने व्येप्श नदीच्या बाजूस सैन्य गोळा केले आणि १६ ऑगस्ट रोजी त्या पोकळीतून प्रतिहल्ला चढविला. तुखाचेव्स्कीच्या फौजांची पिछाडी उघडी पडून त्यांची फळी कोसळली. ती पोकळी पोलिश सेनापतींना कळली, याचे एक मोठे कारण म्हणजे सांकेतिक लिपी उकलणारे पथक. यान कोवालेव्स्की नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १९१९ पासून ते उभे केले. त्याने तरुण गणितज्ञांना कामास लावले, आणि शत्रूचे बिनतारी संदेश वाचले जाऊ लागले. ही गोष्ट अनेक दशके गुप्त राहिली. त्याविषयीची कागदपत्रे अभ्यासून ग्झेगोष नोविक याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे तिचे महत्त्व स्पष्ट झाले. याच परंपरेत पुढे डिसेंबर १९३२ मध्ये मारियान रेयेव्स्की याने जर्मन 'एनिग्मा' यंत्राचे गणित सोडविले.

येथे अलौकिक सेनारचनेची खरी अडचण दिसते. पटावर देवदूत उतरले आणि वॉर्सा वाचली, असे दाखविले, तर कोवालेव्स्की व त्याचे गणितज्ञ दुसऱ्यांदा अदृश्य होतात. एकदा गुप्ततेमुळे आणि आता करमणुकीमुळे. म्हणून आमचे म्हणणे असे की, लिपी उकलणाऱ्यांना पटावर स्वतंत्र स्थान असावे. प्रत्येक फेरीत प्रतिपक्षाने लिहून ठेवलेली एक आज्ञा उघडून वाचण्याचा अधिकार त्यांना द्यावा. अनुभवी खेळाडूस लवकरच कळून येईल की, हा अधिकार कोणत्याही मंत्राहून अधिक मोलाचा आहे.

७. पंख, घोडे आणि रणगाडे

हुसारांच्या पंखांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. लाकडी चौकटीत पिसे बसवून केलेले पंख खरे होते. ते खोगिरास किंवा पाठीवरील चिलखतास बांधीत. तथापि प्रत्यक्ष रणांगणात ते कितपत वापरले जात, याविषयी अभ्यासकांत मतभेद असून, त्यांच्या आवाजाने शत्रूचे घोडे बुजत ही प्रसिद्ध कल्पना सिद्ध झालेली नाही. हुसारांचे सामर्थ्य पोकळ केलेल्या लांब भाल्यात, उमद्या घोड्यांत आणि धडकेच्या क्षणी फळी घट्ट करण्याच्या शिस्तीत होते. १७७६ मध्ये हे दळ बरखास्त झाले. रचनाकाराने पंखांना भयाचा थोडा मूल्यांक द्यावा, आणि भाल्याला व शिस्तीला त्याहून मोठा.

अधिक गंभीर प्रश्न १९३९ चा आहे. पोलिश घोडेस्वार तलवारी उपसून जर्मन रणगाड्यांवर धावले, ही दंतकथा आजही ऐकू येते. तिचा उगम क्रोयान्ती येथील चकमकीत आहे. १ सप्टेंबर १९३९ च्या संध्याकाळी अठराव्या उहलान रेजिमेंटच्या दोन पथकांनी मोकळ्यावर थांबलेल्या जर्मन पायदळावर हल्ला करून ते पांगविले. त्यानंतर जर्मन चिलखती गाड्यांच्या माऱ्यात ती पथके सापडली व कर्नल मास्तालेष मारला गेला. दुसऱ्या दिवशी तेथे नेलेल्या इटालियन वार्ताहरांनी घोड्यांची व माणसांची प्रेते पाहिली आणि रणगाड्यांवरील हल्ल्याची कथा जगाला सांगितली. जर्मन प्रचारयंत्रणेने ती उचलून धरली. तिचा मथितार्थ, पोल म्हणजे शूर परंतु मागासलेला मूर्ख. खेदाची गोष्ट अशी की, १९५९ मध्ये आंद्झेय वायदा या थोर पोलिश दिग्दर्शकाच्या 'लोत्ना' या चित्रपटातही रणगाड्यावर तलवार हाणण्याचे दृश्य आले. शत्रूने रचलेली कथा वीररसाच्या मोहाने स्वकीयांच्या कलेतही शिरली.

त्याच दिवशी मोक्रा गावाजवळ काय घडले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तेथे व्होविन घोडदळ ब्रिगेडने घोड्यांवरून उतरून, ३७ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा, रणगाडाविरोधी बंदुका व 'श्मियावी' ही चिलखती आगगाडी यांच्या साहाय्याने जर्मनांच्या चौथ्या पान्त्सर डिव्हिजनला दिवसभर रोखून धरले. घोडा हे वाहन होते. लढाई आधुनिक शस्त्रांची होती. ज्या रचनेत पोलिश घोडेस्वार मंत्रबळाने रणगाडे फाडतात, ती रचना स्तुतीच्या वेषात तीच जुनी निंदा पुढे चालविते. म्हणून १९३९ च्या पटावर घोडदळास अद्भुत बळ देऊ नये. मोक्रा येथील खरे बळ द्यावे, तेच पुरेसे आहे.

८. मृतांचा अधिकार

अलौकिक सेनेत मृतांना उठविणे ही रचनाकारांची सर्वांत सोपी युक्ती असते, आणि पोलंडमध्ये तिला साहित्यिक आधारही आहे. पितरांना अन्न देऊन बोलाविण्याच्या विधीवर मित्स्किएविच याने 'जादी' हे नाट्यकाव्य रचले. आपल्याकडील पितृपक्षाशी या विधीचे साम्य सहज जाणवते. या कृतीचे सामर्थ्य एवढे की, १९६८ मध्ये वॉर्सात तिच्या प्रयोगांवर बंदी आली तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि त्यातून मार्च महिन्यातील आंदोलन उभे राहिले.

परंतु 'जादी'तील मृत जिवंतांची चाकरी करावयास येत नाहीत. ते काही मागावयास येतात : अन्न, प्रार्थना, न्याय. हा भेद महत्त्वाचा आहे. १९४० मध्ये कातिन व अन्य ठिकाणी सोव्हिएत पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश बंदी गोळ्या घालून मारले. त्यांत अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक होते. वायदाचा पिताही त्यांतच होता. सोव्हिएत सरकारने १९९० पर्यंत हे कृत्य जर्मनांचे असल्याचे सांगितले. ज्यांचे मरणही पन्नास वर्षे नाकारले गेले, त्यांना अमुक मूल्यांकाची भुते म्हणून पटावर उभे करणे अनुचित होय. तीच गोष्ट १९४३ च्या वॉर्सा घेट्टोतील व १९४४ च्या उठावातील मृतांची. ज्यांचे आप्त हयात आहेत, ज्यांच्या थडग्यांचा शोध अद्याप पुरा झालेला नाही, त्यांना खेळात वगळावे. पितर पटावर आणावयाचेच असतील तर ते दूरच्या काळातील असावेत, आणि त्यांनी साहाय्यापूर्वी काही मागावे. खेळाडूने ते न दिल्यास त्यांनी परत जावे.

याचा अर्थ दुःखद काळ खेळात आणूच नये असा नाही. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृतिसंस्थेने २०११ मध्ये 'कोलेयका', म्हणजे रांग, या नावाचा पटावरील खेळ प्रसिद्ध केला. साम्यवादी काळात दुकानासमोर रांगेत उभे राहून वस्तू मिळविणे, एवढाच त्याचा विषय. त्यात अद्भुत काही नाही. तरीही त्या काळाचा जाच तरुणांस त्यातून समजतो. नियमांतूनही इतिहास शिकविता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

९. एक प्रस्तावित रचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे १९२० च्या पर्यायी सेनेची रूपरेषा अशी देता येईल. एकंदर मूल्यांक १०० मानल्यास, त्यांपैकी ४५ पायदळास द्यावेत, आणि त्यात हालरचे निळे शिपाई, जुन्या तिन्ही साम्राज्यांतून आलेले शिपाई, स्त्रियांचे स्वयंसेवक दल व युक्रेनियन मित्रसैन्य यांचा समावेश असावा. घोडदळास २० द्यावेत. त्यात तातार उहलानांची एक तुकडी अवश्य असावी. चिलखती आगगाडी, रेनो रणगाडे व विमाने यांस १५. लिपी उकलणाऱ्यांस ८. उरलेले १२ अद्भुतास. निद्रिस्त वीर, मांत्रिक, ढग हाकणारा व गोलेम यांपैकी कोणतेही दोनच एका वेळी घेता यावेत. अद्भुताचा वाटा अष्टमांशाहून कमी ठेवण्याचे कारण उघड आहे : लढाई माणसांनी जिंकावी अथवा हरावी, आणि अद्भुताने तिला केवळ रंग व कसोटी द्यावी. प्रतिपक्षासही हाच दंडक लावावा. बुद्योन्नीच्या घोडेस्वारांना केवळ राक्षस म्हणून रंगविल्यास खेळातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

१०. उपसंहार

या विषयाशी महाराष्ट्राचा एक खरा संबंध आहे. 'साइद' खेळातील पोलिश पक्षाच्या नायिकेबरोबर वोयतेक नावाचे अस्वल असते. हे नाव कल्पित नाही. १९४२ मध्ये इराणात पोलिश सैनिकांनी अस्वलाचे एक पिल्लू पाळले. ते तोफखान्याच्या बाविसाव्या पुरवठा कंपनीबरोबर इटलीत गेले, १९४४ मध्ये मोंते कासीनो येथे त्याने दारूगोळ्याच्या पेट्या वाहिल्याचे सैनिकांनी सांगितले, आणि १९६३ मध्ये एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात ते मरण पावले. ज्या सेनेत वोयतेक होता, ती सोव्हिएत रशियात हद्दपार झालेल्या पोलिश लोकांतून जनरल आंदेर्स याने उभी केली होती. तिच्याबरोबर रशियातून बाहेर पडलेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांपैकी सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. पटावरचे ते गमतीदार अस्वल आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील ती निर्वासित मुले एकाच स्थलांतराची दोन टोके आहेत.

येथे अद्भुत व वास्तव यांचा संबंध स्पष्ट होतो. रचनाकारास अस्वलाची कल्पना करावी लागली नाही; ते इतिहासातच होते. मात्र अस्वल पटावर आले आणि वळिवडे पटाबाहेर राहिले. कोणतीही सेनारचना सर्व काही सामावून घेऊ शकत नाही, हे मान्य केले तरी काय वगळले याची जाणीव तिने ठेवली पाहिजे. लोककथेतील प्रत्येक शक्तीस अट असते. इतिहासाशी खेळणाऱ्यासही एक अट आहे. त्याने वळविलेल्या प्रवाहाचे मूळ पात्र कोठे होते, हे खेळाडूस नेहमी दिसत राहिले पाहिजे. ही अट पाळली तर पटावरची काल्पनिक सेना विद्यार्थ्यास खऱ्या सेनेकडे घेऊन जाईल, आणि अशा खेळाचे इतिहासाच्या वर्गात स्वागत करण्यास हरकत असू नये.